बहात्तर मिनिटांचा दिवस

गेल्या पावसाळ्यात आमच्या सरकारी वसाहतीतील एका शेजाऱ्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने आम्हांस ‘स्कायरिम’ हा संगणकावरचा खेळ खेळावयास शिकविले. खेळ तसा जुना. अमेरिकेतील बेथेस्डा या संस्थेने तो २०११ साली प्रसिद्ध केला. पस्तिशी ओलांडलेल्या कारकुनाला हाच पेलेल, असे त्या मुलाने मनाशी ठरविले असावे. खेळाच्या आरंभीच एक गाव ड्रॅगनच्या आगीत भस्म होते आणि नायक (म्हणजे प्रस्तुत प्रसंगी आम्ही) जीव मुठीत धरून रिव्हरवुड नावाच्या खेड्यात येऊन पोहोचतो. तेथील माणसे त्याला आसरा देतात आणि विनवितात की, व्हाइटरनच्या यार्लकडे, म्हणजे त्या मुलखाच्या सरदाराकडे, जा आणि सांग, ड्रॅगन आला आहे, आमचे खेडे उघडे पडले आहे, शिपाई पाठव. आम्ही तत्काळ निघालो. तोच पाठीमागे उभा असलेला मुलगा म्हणाला, “काका, घाई कशाला? तो निरोप कधीही द्या. वर्षाने दिलात तरी चालतो.”

त्याचे म्हणणे खरे निघाले. आम्ही व्हाइटरनच्या वाटेवरून वळलो आणि अन्यत्र भटकू लागलो. खेळाच्या पंचांगाप्रमाणे तीन महिने लोटले. रिव्हरवुडवर कोणी चाल करून आले नाही. तेथील लोहार सकाळी ऐरणीवर येत होता, रात्री घरी जात होता. पुढे कळले ते याहून गमतीचे आहे. यार्लला निरोप पोहोचवून त्यापुढचे काम पार पडल्याखेरीज त्या राज्यात ड्रॅगन हिंडू लागतच नाहीत! ज्या कागदावर कार्यवाही केली नाही त्या कागदातील संकट उद्भवतच नाही, ही श्रद्धा सरकारी कचेऱ्यांना अपरिचित नाही. परंतु ती इतक्या निर्मळपणे सिद्ध झालेली आम्ही प्रथमच पाहिली.

आणि या तीन महिन्यांत सूर्य मात्र नव्वद वेळा उगवला व नव्वद वेळा मावळला. तो उगाच का उगवत होता, हा या लेखाचा विषय आहे.

संगणकाच्या खेळाची चर्चा वाङ्मयीन मासिकात कशाला, असे कोणी विचारील. ज्या कृतीत पात्रे आहेत, संवाद आहेत, कथानक आहे, आणि जिच्यापुढे माणूस शेकडो तास बसतो, तिला काव्यशास्त्राचे प्रश्न विचारण्यास कोणाची परवानगी काढावी लागते असे आम्हांस वाटत नाही. त्यातून काळ कसा दाखवावा हा प्रश्न तर नाट्यशास्त्राइतकाच जुना आहे.

प्रथम हिशेब. ज्या खेळांना खेळणारे ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात, म्हणजे ज्यांत एक अख्खा मुलूख नायकापुढे मोकळा टाकलेला असतो आणि कोठे जावे, कोणते काम कधी हाती घ्यावे हे त्याच्या मर्जीवर सोडलेले असते, त्या खेळांत बहुधा एक कालप्रमाण ठरविलेले असते. स्कायरिममध्ये ते वीस आहे. आपल्या घड्याळातले एक मिनिट म्हणजे तेथली वीस मिनिटे; सबब तेथला दिवस-रात्र मिळून आपल्या बहात्तर मिनिटांत आटोपतो. याच संस्थेच्या ‘मॉरोविंड’ (२००२) व ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) या आधीच्या खेळांत प्रमाण तीस होते, म्हणजे दिवस अठ्ठेचाळीस मिनिटांचा. त्याहून जुन्या ‘डॅगरफॉल’मध्ये (१९९६) ते बारा होते, दिवस दोन तासांचा. निन्टेन्डोच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (२०१७) एका सेकंदाला एक मिनिट जाते, चोवीस मिनिटांत चोवीस तास संपतात. तेव्हा एकाच जातीच्या खेळांत दिवसाची लांबी चोवीस मिनिटांपासून एकशेवीस मिनिटांपर्यंत आढळते. हा फरक लहान नव्हे.

सूर्य कृत्रिम वेगाने धावतो एवढ्यावरून खेळाला खोटा ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. आम्ही सध्या गुवाहाटीस आहोत. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले, आणि हे शहर त्याच्या नऊ अंश पूर्वेला. त्यामुळे डिसेंबरात येथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उरलेले कचेरीचे काम दिव्याखाली करावे लागते. चहाच्या मळ्यांत तर एक तास पुढे असलेला ‘बागान टाइम’ पाळण्याचा प्रघात आहे. घड्याळ कोणाच्या तरी हुकमाने चालते, हे येथे राहणाऱ्यास निराळे सांगावयास नको. प्रश्न एवढाच की हुकूम कोणत्या हेतूने काढला.

हेतू आहे, आणि तो चांगला आहे. स्कायरिमचे सगळे राज्य, त्यातील बर्फाच्छादित शिखरे, नऊ सुभे, नगरे आणि अरण्ये, चाळीस चौरस किलोमीटरांच्या आतच बसविलेले आहे. रिव्हरवुडहून व्हाइटरनला जाण्यास तीन-चार मिनिटे लागतात. खेळातला काळ आपल्याच चालीने चालला असता तर हे राज्य म्हणजे एखाद्या गावाचा कॅम्प विभाग ठरला असता. नायक सकाळी दाढी करून निघता आणि न्याहारीला राज्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचता. परंतु तीन मिनिटांना वीसने गुणले की तास होतो. सूर्य कासराभर वर येतो, आणि आपण तासभर चाललो असे मनाला पटते. दूर अंतराचा आभास येथे मैलांनी नव्हे तर सावल्यांनी निर्माण केलेला आहे. आपल्या जुन्या नाटकांतही हेच आहे. पात्र रंगभूमीवर एक फेरी घालते आणि ते नगरातून तपोवनात आले असे आपण मानतो. कोकणातल्या दशावताराचा राजा बाकड्याला वळसा घालून दुसऱ्या राज्यात पोहोचतो, आणि पहाटेपर्यंत जागणाऱ्या एकाही प्रेक्षकाने त्याला वाटखर्चाचा हिशेब विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

चालण्यासाठी ठरविलेले प्रमाण बोलण्यालाही लागू केले जाते, तेथे मात्र घोटाळा सुरू होतो. ऑब्लिव्हियनमध्ये कोणाशी बोलू लागले की जग थबकत असे. स्कायरिममध्ये ते थबकत नाही. सकाळी नऊला लोहाराशी बोलावयास उभे राहावे, पाच मिनिटे त्याचे गाऱ्हाणे ऐकावे, की दहा वाजून चाळीस मिनिटे झालेली असतात. तलवारीची झटापट तीन मिनिटे चालली तर एक तास गेला. कोणता वीर तासभर अखंड तलवार चालवितो? सावल्यांकडे नीट पाहिले तर त्या सरकत नसून धक्क्याधक्क्याने उड्या घेताना दिसतात. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) या खेळात हा विसंवाद पराकोटीला गेला आहे. १८९९ सालची अमेरिका. नायक शिकारीचे कातडे सोलतो, घोड्याला खरारा करतो, कपाटातून एकेक वस्तू हाताने उचलतो, आणि हे सर्व खऱ्या माणसाच्या खऱ्या संथपणाने. पण माथ्यावरचा सूर्य सुमारे अठ्ठेचाळीस मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा उरकतो. हात एका घड्याळाने चालतात, आकाश दुसऱ्या. कारागिरी जितकी बारीक तितका हा दुभंग अधिक जाणवतो.

कादंबरीकाराला ही अडचण कधी आली नाही, कारण त्याने एकच प्रमाण कधी स्वीकारलेच नाही. तो दहा वर्षे एका वाक्यात सांगतो आणि दहा मिनिटांचे भांडण दहा पानांत. झेरार झेनेत या फ्रेंच समीक्षकाने १९७२ साली कथनाच्या या गतींची लोप, सारांश, दृश्य आणि विराम अशी चार प्रकारांत विभागणी केली. परंतु आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. भरताने अंकाचे लक्षण सांगताना नियम घालून दिला आहे की, एका अंकात एका दिवसाचेच कार्य असावे. महिनाभरात किंवा वर्षभरात घडलेले असेल ते अंक तोडून मध्ये प्रवेशक घालून कळवावे. आणि पात्र कार्यवशात् लांबच्या प्रवासाला निघाले तर तेथेही अंक तोडावा. हा तिसरा भाग वाचून आम्ही थक्क झालो. खेळणारे ज्याला ‘फास्ट ट्रॅव्हल’ म्हणतात, म्हणजे नकाशावर गावाच्या नावाला बोट लावावे आणि क्षणार्धात तेथे उभे राहावे, त्याचे शास्त्र यात अगोदरच सांगून ठेवलेले आहे: लांबचा प्रवास दाखवू नये, अंक तोडावा.

तथापि भरताला प्रवेशक म्हणजे नुसती फट अभिप्रेत नाही. त्या फटीत दोन सामान्य पात्रे येतात आणि मधल्या काळात काय काय झाले ते बोलतात. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त वर्षाची मर्यादा साफ ओलांडली, पहिल्या व दुसऱ्या अंकांमध्ये त्याने बारा वर्षे घातली. पण ती बारा वर्षे त्याने आकडा सांगून घालविली नाहीत. वाल्मीकींच्या आश्रमातून निघून आलेली आत्रेयी वनदेवतेला सांगते की, तेथे दोन असामान्य बुद्धीची मुले शिकत आहेत, त्यांच्याबरोबर आमचा अभ्यास निभत नाही. एका विद्यार्थिनीच्या तक्रारीत लवकुश केवढे झाले हे आपल्याला कळते. पुढे राम दंडकारण्यात येतो तर नद्यांची पात्रे सरकलेली, दाट होती ती झाडी विरळ झालेली. काळ गेला याचा पुरावा भवभूती सूर्याकडून घेत नाही. मुलांकडून आणि नद्यांकडून घेतो.

स्कायरिममधील प्रवेशक कसा आहे? कळ दाबली की ‘किती तास थांबावयाचे’ असे विचारणारी पट्टी येते, एकापासून चोवीसपर्यंत. आकडा निवडावा, काटा फिरतो, काम झाले. दुकाने सकाळी आठला उघडतात आणि रात्री आठला मिटतात. तेव्हा रात्री नगरात पोहोचलेल्या माणसाने बाजारात उभ्या उभ्या बारा तास थांबून घ्यावे. दहा दिवस गेले की लुटलेली गुहा पुन्हा शत्रूंनी भरते. पूर्ण जिंकलेली असेल तर तीस दिवसांनी. काळाचे कार्य तेथे एवढेच: वखारी भरणे. ऋतू पालटत नाहीत. शेतातली कोबी कापणीला आलेली ती कापणीलाच आलेली. आणि मुले वाढत नाहीत. व्हाइटरनच्या रस्त्यावर जी पोर पहिल्या दिवशी भेटली ती शंभराव्या दिवशीही तेवढ्याच उंचीची असते.

ही शेवटची गोष्ट परप्रांती नोकरी करणाऱ्या वाचकांस वेगळ्या रीतीने लागेल, अशी आमची कल्पना आहे. आपण वर्षादीडवर्षाने गावी जातो, आणि दारात उभ्या असलेल्या पुतण्याला ओळखण्यास क्षणभर वेळ लागतो. किती काळ गेला ते रजेच्या अर्जावर लिहिलेले असतेच. परंतु ते खरे कळते त्या मुलाच्या खांद्याकडे पाहून.

जुन्या खेळांतून काळ पुष्कळ प्रामाणिक होता. डॅगरफॉलमध्ये कामांना मुदती होत्या. अमुक दिवसांत औषध पोहोचले नाही तर काम बुडाले. लांबच्या गावी जावयाचे असेल तर नकाशा विचारी: सांभाळून जाणार की बेफिकिरीने, पायी की घोड्यावरून की जहाजाने, रात्री धर्मशाळेत उतरणार की उघड्यावर, आणि त्याप्रमाणे किती दिवस लागतील व किती पैसा खर्च होईल ते सांगे. प्रवासभत्त्याचे बिल भरणाऱ्या माणसास ते पान पाहून गहिवर येतो. पण विनोद बाजूला ठेवू. येथे अंक तुटतो आणि त्या तुटण्याची किंमतही लागते. हाच खरा प्रवेशक. पहिल्या ‘फॉलआउट’मध्ये (१९९७) अणुयुद्धानंतर भुयारात राहणाऱ्या वस्तीचे पाणी शुद्ध करणारे यंत्र बिघडते आणि नायकाला नवा सुटा भाग आणण्यास एकशेपन्नास दिवस दिलेले असतात, नकाशावर तो चालू लागला की दिवस भराभर वजा होतात. पुढे शत्रूला भुयाराचा पत्ता लागण्याचीही एक मुदत होती. ती मात्र नंतरच्या दुरुस्तीत जवळजवळ काढूनच टाकण्यात आली. तेथून पुढचा या कलेचा इतिहास म्हणजे मुदती सैल करीत जाण्याचा इतिहास आहे असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

येथे एका कृतीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. ‘मेजोराज मास्क’ हा निन्टेन्डोचा खेळ २००० साली निघाला. मुलूख लहान आहे, आणि त्याला काटेकोरपणे ओपन वर्ल्ड म्हणता येणार नाही. पण काळाविषयी याहून खोल विचार केलेला खेळ आम्ही पाहिला नाही. क्लॉक टाउन नावाच्या गावावर चंद्र कोसळत आहे; अवधी तीन दिवसांचा. हे तीन दिवस प्रत्यक्षात साध्या गतीने चौपन्न मिनिटांत जातात, म्हणजे एक दिवस अठरा मिनिटांचा. कालप्रमाण काढले तर ते ऐंशी भरते, स्कायरिमच्या चौपट! मुदत संपण्याआधी नायक ओकारिना वाजवून पुन्हा पहिल्या दिवसाच्या सकाळी परततो. परंतु त्याने लोकांसाठी जे जे केले ते त्याबरोबर पुसले जाते. गावातल्या प्रत्येक माणसाचे तीन दिवसांचे वेळापत्रक ठरलेले आहे, आणि नायकाजवळ एक वही आहे. तीत कोण, कधी, कोठे, कोणत्या अडचणीत, याची घरे आखलेली असतात. थोडक्यात, आवक-जावक रजिस्टर.

या गावात एक पोस्टमन आहे. तो वेळेचा असा पक्का की, पेट्या उघडण्याची मिनिटेही त्याने नेमलेली आहेत. तिसऱ्या रात्री गाव ओस पडत चाललेले, चंद्र छपरांना टेकण्याच्या बेतात, आणि हा आपल्या कचेरीत व्याकूळ होऊन पडलेला आढळतो. त्याला पळून जावयाचे आहे. पण पळून जाणे वेळापत्रकात लिहिलेले नाही. नायकाने एक तातडीचे पत्र त्याच्या हाती दिले तर तो ते पोहोचविण्यास धावतो, आणि ज्या बाईंना ते पत्र असते त्या त्याला गाव सोडण्याचा हुकूम देतात. तेव्हा तो सुटतो. आम्ही हा प्रसंग पाहिला त्या रात्री खेळ बंद करून बराच वेळ स्वस्थ बसलो. सरकारी नोकराचे इतके निर्दय आणि इतके मायेचे चित्र आम्ही कोठे वाचलेले नाही, आणि ते एका जपानी खेळात, मुलांसाठी काढलेले!

याच गावात काफेई आणि आंजू यांचे लग्न ठरलेले आहे. काफेई शापाने लहान मुलाच्या देहात अडकून दडून बसला आहे. आंजू खानावळ सांभाळीत त्याच्या पत्राची वाट पाहते. नायकाने पत्रे नेली-आणली, सर्व काही वेळेवर जुळविले, तर शेवटच्या रात्री साडेचार वाजता काफेई येतो. सहाला जग संपणार. त्यांना मिळतो तो दीड तास, आपल्या घड्याळाचे मिनिट-सव्वा मिनिट. ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या त्या काळात तो दीड तास जितका लांब वाटतो तितका स्कायरिममधला एखादा महिनाही वाटत नाही.

तात्पर्य, वेगाचा आकडा हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. ऐंशीचा काळ जड असू शकतो, वीसचा काळ पोकळ. एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत काय हरवू शकते, यावर त्याचे वजन ठरते.

हे सर्व आम्ही आमच्या स्नेह्यांना, म्हणजे त्या मुलाच्या वडिलांना, बोलून दाखविले. ते लेखा विभागात आहेत आणि स्वतःही रविवारी मुलाच्या संगणकावर बसतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अहो, मुदती, स्मरणपत्रे, वेळापत्रके हेच पाहावयाचे तर मग कचेरी काय वाईट आहे? मी त्या डोंगरात जातो तो तेथे कोणी माझी वाट पाहत नाही म्हणून.” या आक्षेपात जोर आहे, आणि तो आम्ही झटकून टाकू इच्छीत नाही. ज्याच्या डोक्यावर दिवसभर तारखा असतात त्याला संध्याकाळी बिनतारखेचा मुलूख हवासा वाटणे हा काही दुर्गुण नव्हे. कोट्यवधी लोकांना हे खेळ प्रिय झाले ते बहुधा याच विसाव्यासाठी.

परंतु मग तेथे सूर्य कशाला? ज्याला कालातीत मुलूख पाहिजे त्याला तो खुशाल द्यावा, जेथे नित्य दुपार आहे आणि कोणी घाबऱ्या आवाजात निरोप सोपवीत नाही. आमची तक्रार विश्रांतीविरुद्ध नाही. दोन्हीकडून घेण्याविरुद्ध आहे. खेळ आमच्या हाती एक काकुळतीचा निरोप देतो, वर दिवस-रात्रीचे भव्य चक्र फिरवून काळ जात असल्याचे भासवितो, आणि आतून ग्वाही देतो की काही बिघडणार नाही. ही ग्वाही गोड आहे, म्हणूनच आम्हांस तिची धास्ती वाटते. गेली दोन वर्षे आई दूरध्वनीवर विचारते, केव्हा येतोस. आणि आम्ही म्हणतो, पुढच्या रजेत. तिकडेही लोहार सकाळी ऐरणीवर येत असेल असे आपण धरून चालतो.

आता आमचे स्वतःचे मत. दिवस दोन तासांचा असावा. डॅगरफॉलच्या कर्त्यांनी ठरविलेले बाराचे प्रमाण आम्हांस सर्वांत योग्य वाटते. याचे कारण यंत्राचे नाही, बैठकीचे आहे. नोकरी करणारा माणूस संध्याकाळी जेवणाच्या आधी-नंतर मिळून दीड-दोन तास या कामी देऊ शकतो. त्या एका बैठकीत एक दिवस घडावा: सकाळी निघावे, एक काम पार पाडावे किंवा त्यात अपयश यावे, आणि रात्री कोठेतरी दिवा लावून निजावे. एक बैठक, एक दिवस. भरताने अंकाला घातलेली मर्यादा ती हीच. बहात्तर मिनिटांच्या दिवसात बैठक संपते तेव्हा दुसऱ्या दिवसाची टळटळीत दुपार झालेली असते आणि अंक मध्येच फाटतो. चोवीस मिनिटांच्या दिवसात तर सूर्योदय हा प्रसंग न राहता पंख्याच्या पात्यासारखा फिरत राहतो. बाराच्या प्रमाणात तीन मिनिटांची चाल छत्तीस मिनिटांची होते. मुलूख थोडा आकसतो हे कबूल. पण लोहाराचे पाच मिनिटांचे गाऱ्हाणे तासातच संपते, आणि हा सौदा आम्हांस परवडतो. रात्र अर्धा-पाऊण तास लांबेल आणि कंटाळवाणी होईल असे म्हणतात. तर रात्री निजावे. निजण्याला अर्थ येईल.

त्याबरोबर लांबच्या प्रवासाला आणि थांबण्याला डॅगरफॉलप्रमाणे किंमत असावी. सगळ्याच कामांना मुदत घालावी असे आम्ही म्हणत नाही. तसे केल्यास आमच्या स्नेह्यांची कचेरी खरोखरच तेथे येईल. दहांतील दोन कामे न थांबणारी असली तरी पुरे. मात्र ती कोणती हे आधी कळू नये. ‘शेन्मू’ या १९९९ सालच्या जपानी खेळात याची एक सुरेख रीत आहे. १९८६ सालचे योकोसुका शहर. पित्याच्या खुन्याचा माग काढणारा मुलगा. रात्री आठला कोणी भेटावयाचे ठरले असेल तर आठ वाजेपर्यंत काळ पुढे ढकलण्याची सोय पहिल्या भागात नाही. मग तो रस्त्यावर हिंडतो, खेळण्यांच्या दुकानाशी रेंगाळतो. पुढे तो गोदीत मालाची गाडी हाकण्याची नोकरी धरतो, रोज वेळेवर जातो, दुपारी जेवणाची सुट्टी घेतो. मुदत आहे, पण ती कित्येक महिन्यांची. रमतगमत राहणाऱ्याला तिची गाठ पडणारही नाही. मात्र १९८७च्या एप्रिलच्या मध्यापर्यंत तो रेंगाळलाच तर खुनी स्वतः येतो आणि कथा तेथेच संपते. अनेकांनी हा खेळ कंटाळवाणा म्हणून टाकला; दुसऱ्या भागात (२००१) थांबण्याची सोय घालण्यात आली. आमच्या मते पहिल्या भागातले ते रेंगाळणे हेच त्याचे वैभव होते. वाट पाहणे हीही एक कृती आहे, आणि ती कोणी तरी एकदा पूर्ण लांबीने दाखवावयास हवी होती.

स्कायरिमचा आकडा घरच्या संगणकावर बदलता येतो, हे आम्हांस फार उशिरा कळले. परवा त्या मुलाने येऊन एक ओळ टाइप केली आणि वीसचे बारा करून दिले. मग आम्ही व्हाइटरनला गेलो. तीन महिने खिशात असलेला निरोप यार्लपुढे सांगितला. त्याने क्षणाचाही विलंब न लावता रिव्हरवुडला शिपायांची तुकडी तातडीने रवाना करण्याचा हुकूम सोडला. त्याच्या कारभाऱ्याने नेहमीप्रमाणे शंका काढली, ती त्याने फेटाळली. आम्ही दरबारातून बाहेर आलो तो तिसरा प्रहर नुकताच कलत होता, आणि जेवणाची हाक यावयास अजून पाऊण तास होता. शिपायांच्या मागोमाग पायीच रिव्हरवुडला जाऊन येण्याइतका तो वेळ पुरेसा होता.